दाविदच्या अंगणातली टर्की

मंडळी, सणाला पहिलं ताट कोणाचं वाढायचं? पाहुण्याचं म्हणाल, नाहीतर थोरामोठ्याचं म्हणाल. जरा दम धरा — आधी शमुवेल मास्तरांची गोष्ट ऐका, मग बोला!

शमुवेल भिंगारदिवे. नगरकडचे, शाळेतून निवृत्त झालेले, देवळात पहिल्या बाकावर बसणारे. दर नाताळला यांच्या घरी पाच मित्रांची पंगत. त्यातला दाविद जूनमध्ये वारला. राहिले चार. मास्तर म्हणाले, यंदा कोंबडी नको, टर्की करू. आता टर्की मिळणार कुठे? दाविदच्याच अंगणात! त्यानंच हौसेनं पाळलेल्या.

गेले मास्तर. दाविदची बायको रत्नमाला बाहेर आली. तिला 'कशी आहेस' विचारायचं सोडून हे पक्ष्यांच्या मागे! एकाची छाती चाचप, दुसऱ्याचं वजन बघ. "वहिनी, हा नर द्या."

ती म्हणाली, "यांनी तोच तुमच्या पंगतीसाठी राखला होता. न्या, भाऊजी."

अहो, हे ऐकून पाय जड व्हायला नकोत? छे! पक्षी काखोटीला मारून मास्तर घरी.

मग काय थाट! कढत पाण्यात बुडवून पिसं काढली. आलं-लसूण, हळद, मीठ चोळून मुरवली. घरच्या पातेल्यात मावेना, तर पावाच्या भट्टीत भाजून आणली. सगळं सुचलं हो यांना!

आपला रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. वर्षात माणूस गेलं, त्या घरी पहिल्या सणाला चूल पेटत नाही. ताट आपण न्यायचं. माना हलवताय? मास्तरही हलवायचे.

उपासना झाली, चौघं जेवायला बसले. मास्तरांची बायको मार्था वाढता वाढता थांबली. "रत्नमालाकडे ताट कोणी नेलं?"

"टर्की शमुवेलकडे, म्हटलं तोच पाठवेल," एक म्हणाला.

"मला वाटलं, तुमच्यातलं कोणी नेलं असेल," मास्तर म्हणाले.

तिसरा म्हणतो, "दुखवट्यातल्या बाईला उगाच त्रास कशाला?"

त्रास! उपाशी माणसाला ताटाचा त्रास होतो म्हणे! संताप येतो हो मला.

मार्थानं टर्कीची परातच उचलली आणि निघाली. मागून चौघं, खाली माना घालून. दाविदच्या घरी चूल थंड. रत्नमाला दाराशी बसलेली, आणि शेजारी वाटीत साखर काढून ठेवलेली — आलेलं ताट रिकामं परत जाऊ नये म्हणून. सकाळपासून एकही ताट आलं नव्हतं.

मास्तर उंबऱ्यातच बसले. "वहिनी, चुकलं माझं."

"आधी आत या," ती म्हणाली. "जेवण निवतंय."

मंडळी, मला मघाशी तुम्ही आग्रह करकरून वाढलंत. पोट भरलं माझं. पण येताना मंडपामागच्या गल्लीत एका घराशी थांबलो होतो. तिथंही आज चूल पेटलेली नाही. त्या घरी ताट कोणी नेलं? एकमेकांकडे बघू नका! पेटीवाले, हात थांबवा. उठा कोणीतरी. ते घर जेवल्याशिवाय मी पुढचं पद म्हणणार नाही.