बावीस मिलिमीटर

नाही नाही, त्या बाजूला नको – इकडून या, डावीकडून. तिकडे भिंत आहे, जागा कमी आहे – म्हणजे जागा आहे तशी, दोन माणसं आरामात उभी राहतील, पण इकडूनच बघा. गाडी नेहमी डावीकडूनच बघायची असते. कोण म्हणतं? मी म्हणतो. बरं, जाहिरात वाचून आलात ना – पूर्ण वाचलीत? 'लांब पल्ल्याची स्पोर्ट टूरिंग गाडी, एक मालक, भरपूर बदल' – इथपर्यंत सगळेच वाचतात. खाली 'उंच माणसांनी फोन करू नये' असं पण होतं, ते कुणी वाचत नाही. आठ जण येऊन गेले, आठच्या आठ ताडमाड. बसले की गुडघे कानाला. मी म्हणायचो, सॉरी हं, तुम्हाला नाही बसणार ही, पाणी घेणार? – पाणी पिऊन जायचे. तुमची उंची किती हो? पाच-तीन? अच्छा. माझीपण पाच-तीनच. अच्छा अच्छा. नाही, चांगलंय की. चांगलंच आहे.

मॉडेल कुठलं म्हणून नका विचारू, ते एका वाक्यात नाही सांगता येत. कागदावर आहे ते फक्त इंजिन आणि चॅसिस. बाकी सगळं बाहेरून आलंय. पुढचे फोर्क एका रेसच्या गाडीचे – तिचा मालक पहिल्याच वळणावर सरळ गेला, फोर्क सोडून काहीच उरलं नाही, मालक ठीक आहे, आता सायकल चालवतो. हँडल डोंगरात चालवायच्या गाडीचं. सीट एका लांबलचक आळशी गाडीची, तिच्यावर मागे बसणारा माणूस झोपायचा म्हणे, म्हणून विकली. पुढची काच कापून लावलीय, ती कशाची होती ते दादालाच माहीत. उजवा आरसा स्कूटरचा. हसू नका, स्कूटरच्या आरशात मागचं जास्त दिसतं. डावा ओरिजिनल आहे, त्यात फक्त स्वतःचं कोपर दिसतं. हॉर्न ट्रकचा. तो वाजवायचा नाही. एकदा वाजवला तर समोरच्या सायकलवाल्यानं सायकल टाकून दिली आणि तो पळाला, सायकल दोन दिवस आमच्याकडे होती. दादा म्हणायचा, पार्ट म्हणजे नवी सून, सासरी रुळायला वेळ द्यायचा, पहिल्याच दिवशी कुरकुरली म्हणून माहेरी पाठवायची नाही. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. गाडी त्याची. एक मालक लिहिलंय ना, तो एक.

ती भिंत बघताय ना, पट्ट्या पट्ट्या चिकटवलेली? ती आमची पद्धत. म्हणजे दादाची. जे काम करायचं त्याची पांढरी पट्टी लिहायची – काम काय, कुणी करायचं – आणि त्या पार्टवरच चिकटवायची. काम झालं की ज्यानं केलं त्यानंच पट्टी काढायची आणि भिंतीवर लावायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आठवण करायची नाही, विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही. पट्टी आहे ना तिथे, ती बोलेल – असं तो म्हणायचा. एकशे त्रेचाळीस आहेत. मी मोजल्यात. बरेचदा मोजल्यात. जिथे 'छोट्या' लिहिलंय तो मी. घरात मला कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. माझ्या पट्ट्या बहुतेक 'पुसणे', 'धुणे', 'चहा आणणे' अशा आहेत – हो, चहाची पण पट्टी, ती त्यानं माझ्या कपाळावर लावली होती.

बसा ना. बसून बघा. टांग टाका बिनधास्त. दोन्ही पाय टेकले? पूर्ण? टाच पण? …बरोबर. अगदी बरोबर. मापानं शिवल्यासारखी. कारण ती शिवलीच आहे – म्हणजे ही गाडी मुळात एवढी बुटकी नाही, मूळ गाडीवर बसलो तर माझे पाय लोंबतात, सिग्नलला मी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायचो, पायरी नसली तर सिग्नल तोडायचो. आम्हाला दोघांना लांब जायचं होतं. दीड हजार किलोमीटर, अर्धं त्यानं चालवायचं, अर्धं मी. आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, छोट्या, तू मागेच बस. दादा म्हणाला, थांब, गाडीच खाली घेऊ. स्वतः सहा फूट दोन. त्यानं एका लहान गाडीचा मागचा शॉकअप आणला, फोर्क वर सरकवले, बसली गाडी खाली. त्याचे गुडघे कुठे यायचे माहितीये? वहिनी म्हणाली, बेडकासारखा दिसतोस. तो म्हणाला, बेडूक लांब जातात. जातात का? मला नाही वाटत. पण म्हणाला.

काय विचारलंत? टायरखाली फळ्या का? राहू द्यात त्या. असंच. फरशी ओली असते. – नाही, फरशी ओली नसते. सांगतो, त्यात काय आहे. गाडी खाली आली की साइड स्टँड लांब पडतो. साधी गोष्ट आहे, शाळेतलं गणित. स्टँड तेवढाच, गाडी बुटकी, म्हणजे गाडी स्टँडवर झुकतच नाही, सरळ उभी राहते – शाळेच्या रांगेतल्या पोरासारखी – आणि सरळ उभी गाडी म्हणजे जरा उजवीकडे वजन गेलं की… मेन स्टँड होता, तो खाली घासायला लागला म्हणून काढला. मग राहिला फक्त साइड स्टँड. तो कापायचा, परत वेल्डिंग करायचं. अर्ध्या तासाचं काम. ते होईपर्यंत दादानं दोन्ही टायरखाली फळ्या सरकवल्या, म्हणजे गाडी तेवढी वर आली, छान झुकली. बोलला काही नाही. फळ्या सरकवल्या फक्त. ते ग्राइंडर आहे ना कोपऱ्यात, त्यानं कापायचा होता. डिस्क पण नवीन आहे. मी रविवारी करतो म्हणालो. मग रविवारी म्हणालो पुढच्या रविवारी. अकरा रविवार झाले. अकरा रविवारांत मी काय केलं असेल सांगा बघू? काही नाही. झोपलो. एकदा बुटाच्या लेस धुतल्या.

तिकडे नका जाऊ म्हटलं ना मी! …ओरडलो का? सॉरी. इथे, या स्टुलावर बसा. पाणी घेणार?

अपघात? नाही, अपघात नाही. ही गाडी चालताना कधीही, कुठेही पडलेली नाही, हे मी लेखी देतो. दिलंय पण. विम्याच्या माणसानं फॉर्म आणला होता – अपघाताच्या वेळी वाहनाचा वेग? मी लिहिलं शून्य. चालक कुठे होता? मी लिहिलं गाडीखाली. आठ दिवसांनी फॉर्म परत. म्हणे वेगाच्या रकान्यात शून्य चालत नाही, कॉम्प्युटर घेत नाही, शून्य म्हणजे अपघात नाही. मी म्हटलं, अहो पण वेग नव्हताच, गाडी उभी होती. तो म्हणाला, थोडा तरी असेल ना, बघा आठवून. चांगला माणूस होता, मदतच करत होता. मग आम्ही दोघांनी बसून एक लिहिला. ताशी एक किलोमीटर. कॉम्प्युटरनं घेतला. म्हणजे आता सरकारदरबारी माझा भाऊ ताशी एक किलोमीटर वेगानं गेला. मुंगीपेक्षा थोडा जास्त. त्याला हे फार आवडलं असतं. आठवडाभर लोकांना सांगत फिरला असता.

निघायच्या दिवशीची सकाळ. गाडी बाहेर रस्त्यावर काढली, दोन्ही बाजूंचे डबे लावले, सामान भरलं. फळ्या? फळ्या इथे आत होत्या. रस्त्यावर कोण फळ्या नेतं? गाडी सरळ उभी. आणि त्याला त्याचं काय वाटावं – आनंद झाला. कारण इंजिन ऑइल किती आहे ते दाखवणारी काच उजवीकडे खाली असते, ते बघायचं तर गाडी सरळ लागते, एरवी एकानं धरायची आणि दुसऱ्यानं वाकायचं, धरणारा मी. त्यानं मला हाक मारून सांगितलं, छोट्या, बघ, आता धरायला तुझी पण गरज नाही! मी आत मोजे शोधत होतो. म्हटलं, बरं. एक मोजा सापडला होता. तो उजव्या बाजूला उकिडवा बसला काचेत बघायला, आणि वहिनी आली आणि तिनं उजव्या डब्यात कॉफीचा फ्लास्क ठेवला. बस. एवढंच. वारा नव्हता. गाडी दादावर पडली. दादा गाडीवरून नाही पडला, एवढी वर्षं आई ज्याला घाबरत होती तसं काहीच झालं नाही. सामानासकट दोनशे सत्तर किलो आणि खाली फुटपाथची कड.

फ्लास्कला ओरखडा नाही. कॉफी संध्याकाळपर्यंत गरम होती. मी उघडून बघितली. चांगला फ्लास्क आहे, कुठे मिळाला तर घ्या.

वहिनी वरच असते. कॉफी सोडली तिनं. म्हणजे कुणी सोड म्हणालं नाही, सोडली. एकदाच मला जिन्यात विचारलं, काय रे, त्या फ्लास्कचं वजन किती असेल? मी म्हटलं दीड किलो. मी वजन केलं होतं ना, एक किलो पाचशे चाळीस, झाकणासकट. ती बरं म्हणाली आणि वर गेली. आता मी खोटं बोललो का? नाही. तिनं फ्लास्कचं विचारलं, मी फ्लास्कचं सांगितलं. स्टँडचं तिनं विचारलं नाही. तिला स्टँड कुठला हेच माहीत नाही. तिला वाटतं… मला काय माहीत तिला काय वाटतं. सहा महिने झाले. जेवताना समोरासमोर बसतो आम्ही. मीठ मागते, मी देतो.

तुम्ही मला सॉरीबिरी म्हणू नका, तुम्ही गाडी बघायला आलात. चेन नवीन आहे. ब्रेक उत्तम. तिला आता ही डोळ्यांसमोर नको आहे, तिनं भंगारवाल्या काकांना सांगितलंय, सोमवारी येऊन उचला. ते पण बिचारे नको म्हणत होते, अर्धे पार्ट त्यांच्याकडूनच आलेले. पण उचलतील. मग सीट एकीकडे, फोर्क एकीकडे, सगळ्या सुना आपापल्या माहेरी. त्याच्या आत कुणी अख्खी नेली तर अख्खी राहील. म्हणून जाहिरात. म्हणजे मला विकायचीच आहे, समजलं ना? ते आठ जण, ते उंच होते म्हणून. त्यात माझा काही संबंध नाही.

काय बघताय खाली? – अहो नका वाकू, कपडे खराब होतील. तिथे काही नाही. तो स्टँड आहे. आतल्या बाजूला काय आहे? काही नाही, चिकटलंय काहीतरी, धूळ – मोठ्यानं नका वाचू. वर खिडकी उघडी आहे. हो. येतं मला वाचता. 'स्टँड, बावीस मिलिमीटर कापणे – छोट्या.' अक्षर त्याचंच. एकशे चव्वेचाळीसावी. नखानं नका खरवडू! हात काढा. काढा म्हटलं ना. ज्यानं काम केलं त्यानंच काढायची, सांगितलं ना मी, आणि काम केलेलं नाही, तर काढायची कशी? सहा महिने मी इथे रोज येतो, समोर बसतो, ग्राइंडरची वायर सोडवतो आणि परत गुंडाळतो. वायर छान गुंडाळतो मी. बघा, आठचा आकडा. कापला असता तर पट्टी भिंतीवर गेली असती, भिंतीवर गेली की कुणालाही दिसली असती, आणि वहिनी खाली येते कधीकधी झाडायला, तिला वाचता येतं.

काय? …घेता? आहे तशी? बघा, नीट विचार करा, घरी विचारा. – घरी विचारलंय म्हणता? हॉर्न चालेल? आरसा चालेल? बरं. आणि स्टँड – स्टँडचं काय म्हणालात? 'मीच कापून घेईन, माझ्याकडे ग्राइंडर आहे.' हो, असेल. बऱ्याच जणांकडे असतं. अर्ध्या तासाचं तर काम आहे. तुम्ही घरी न्याल, दहा मिनिटांत कापाल, आणि ती पट्टी – ती काय, ती गळून जाईल, फेकाल तुम्ही. त्यावर तुमचं नाव थोडंच आहे.

नाही. अहो, चिडलो नाही. भाव वाढवायचा म्हणून नाही म्हणत, भाव आहे तोच. तुम्हाला बसतेय गाडी, छान बसतेय, तुमच्यापेक्षा चांगला माणूस मिळणार नाही, मला कळतंय. पण असा अर्धवट माल देत नाही आम्ही. ते काम माझं आहे. मी कापतो, मी वेल्डिंग करतो, मी पट्टी काढतो, वर जाऊन – वर जाऊन जे काय सांगायचं ते सांगतो – आणि मग तुम्ही या आणि गाडी घेऊन जा. शब्द आहे माझा. रविवारी या. रविवारी करून ठेवतो.

…काय?

आज?

आज रविवार आहे?

अच्छा. हो. बरोबर. सुट्टी होती म्हणूनच तुम्ही आलात. हो हो.

मग पुढच्या. पुढच्या रविवारी या. – सोमवारी? सोमवारचं माहीत आहे मला, मीच तुम्हाला सांगितलं. जा तुम्ही. पाणी तसंच राहिलं तुमचं, राहू दे. जा. …अहो! तिकडून नाही. डावीकडून. डावीकडून जा.