म्हातारी गेली

मतदार यादीच्या कचेरीत नाव चढवायचा शेवटचा दिवस होता. शिवणकाम करणाऱ्या बाई रांगेत होत्या, पुढे सासू-सून.

“यादीत मला मयत लिहिलंय गं! मी धडधाकट उभी आहे इथे!”

“दारोदार नावं तपासणारे ते नागरिक मंडळवाले, आई. त्यांनीच कळवलं असणार.”

“मला संशय होताच! म्हणे, आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही. पक्ष नाही, पगार नाही, मग उन्हातान्हात कोण फिरतं? मी दारच उघडलं नाही.”

“मग काय सांगितलंत?”

“आवाज बदलून म्हटलं, म्हातारी गेली.”

“गेली?”

“बाजारात गेली, अशा अर्थी! तर बाहेरची बाई म्हणते, अरेरे, फार वाईट झालं. कधी? म्हटलं, सकाळीच.”

“अहो आई!”

“तोंड नाही पाहिलं तिचं. पण आवाज हजारात ओळखीन. भेटू दे एकदा.”

सासूबाई मागे वळल्या.

“काय हो बाई, नाव परत चढवायची खिडकी हीच ना?”

शिवणकामवाल्या बाईंनी पदराखाली नागरिक मंडळाचा बिल्ला झाकला आणि नुसती मान हलवली.