सात शेंडे

लेक : आई, आवाज खाली कर. अवजारांची खोली आहे ही, भिंती पत्र्याच्या. पलीकडे मॅनेजरसाहेबांची गाडी उभी आहे.

सासूबाई : उभी राहू दे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी अकरा दिवस घरी बसले. जावईबापूंना एवढंच सांगून गेले की हॉटेलच्या बागेला तेवढं पाणी घाला. पाणी! पाणी घालायला शिडी कशाला लागली हो?

जावई : पाणी रोज घातलं, आई. सकाळी आणि संध्याकाळी. एक दिवस चुकवला नाही.

सासूबाई : घातलंत ना. मेलेल्यांनाही घातलंत.

लेक : मेलेल्यांना म्हणजे? मी आत्ता फाटकातून आले. आठच्या आठ पाम हिरवेगार उभे आहेत. उलट पहिल्यांदाच एका उंचीचे दिसतात.

सासूबाई : दिसणारच. फरशी बसवणाऱ्यानं कापलेत ते. जावईबापू, काय केलंत ते तुमच्या बायकोला तुम्हीच सांगा. मी सांगायला लागले तर जावयाला बोलू नये असं काहीतरी तोंडातून जाईल.

जावई : टाकीजवळचा पाम बुटका आहे. सावलीत वाढला. बाकीचे सात त्याच्याहून हात-दीड हात वर. साहेब रोज म्हणायचे, पाहुणे आत शिरतात आणि रांग ही अशी उतरती. बारा वर्षं फरश्या बसवल्यात मी. उंचसखल दिसलं की मला चैन पडत नाही. मग बुटक्याच्या उंचीला पाण्याची नळी लावून लेव्हल घेतली, दोरी ताणली, आणि दोरीच्या वर जे आलं ते काढलं.

सासूबाई : ऐकलंस? नळी लावून! एखादा गबाळ्या असता तर सातांतला एक तरी चुकून वाचला असता. यांचं काम चोख. सातही शेंडे एका सुतात.

लेक : छाटले तर छाटले. कुंपण नाही का तू महिन्याला छाटतेस? दुप्पट फुटतं की ते.

जावई : मी तेच बघून केलं.

सासूबाई : कुंपणाला हजार शेंडे असतात. पामला एक. जन्मभर एकच! त्या मधल्या सुरळीतून एक पान उलगडतं, मग पुढची सुरळी येते. फांदी नाही, फुटवा नाही. शेंडा गेला की आटोपलं. कापलंत तेव्हा आत काय दिसलं?

जावई : पांढरं होतं. लुसलुशीत. बोटानं दाबलं तर दबलं.

सासूबाई : पहिल्याच झाडाला दिसलं ना हे?

जावई : हो.

सासूबाई : तरी दुसऱ्याला शिडी लावलीत.

जावई : दोरी ताणलेली होती.

सासूबाई : दोरी ताणलेली होती! चौदा वर्षांपूर्वी ही रोपं टेम्पोतून आली तेव्हा मुळांची माती सुटू नये म्हणून मांडीवर धरून बसले होते मी. दिव्यांच्या माळा लावणारे हातोडी घेऊन आले, त्यांना खोडात खिळा ठोकू दिला नाही. पामच्या खोडाची जखम कधी भरत नाही म्हणून! साहेब तेव्हाही चिडले होते. कुठल्या झाडानं कुठल्या वर्षी किती पानं टाकली ते या वहीत लिहिलंय. हे घ्या, वाचा. नको? मग राहू दे.

लेक : आई, ती हिरवी किती दिवस राहतील?

सासूबाई : का ग?

लेक : विचारते.

सासूबाई : जुनी पानं आहेत तोवर. दोन-अडीच महिने, फार तर तीन. मग खालून एकेक वाळेल, वर नवं येणार नाही. शेवटी सात खांब.

लेक : आणि तू दीड महिन्यानं निवृत्त होतेस.

सासूबाई : पुढे बोल.

लेक : सोमवारी साहेब ह्यांना पत्र देणार आहेत. तुझ्या जागेवर, कायमचं. रांग बघून इतके खूश झालेत! आज तू तोंड उघडलंस तर संपलं सगळं. फक्त गप्प राहा. झाडं काय, उन्हानं वाळतात, किडीनं वाळतात.

सासूबाई : वा! सात झाडं मारली म्हणून बक्षीस काय, तर अख्खी बाग.

लेक : ह्यांचे गुडघे बघितलेस? चौतिसाव्या वर्षी जिना चढताना कठडा धरतात. परत फरशीवर बसवू मी ह्यांना?

सासूबाई : जिना चढवत नाही आणि शिडी मात्र सात वेळा चढली.

जावई : चढलो. दोन दिवस शेक घेत होतो नंतर. पण सातवा झाला, खाली उतरलो, फाटकाशी जाऊन बघितलं आणि बरं वाटलं, आई. खोटं कशाला बोलू? बारा वर्षांत माझं काम कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. फरशीवर सगळे पाय देतात.

सासूबाई : मग बघा आता. तीन महिने पोटभर बघा. आणि वाळली की साहेब विचारतील, हे कुणी केलं. त्याचं उत्तर तयार आहे का?

लेक : तेव्हाचं तेव्हा बघू.

सासूबाई : नाही, आत्ता सांग. तुझं डोकं मला माहीत नाही का? तू उत्तराशिवाय घराबाहेर पडत नाहीस.

लेक : काय सांगायचं असतं त्यात? जाताना सासूबाईंनी काहीतरी खत घातलं होतं, म्हणायचं. तू तेव्हा घरी असशील. तुला कोण काय करणार आहे?

सासूबाई : अच्छा. माझ्या नावावर.

लेक : नुसतं म्हणायला ग!

सासूबाई : चौदा वर्षं एका पानाला डाग पडू दिला नाही, आणि जाता जाता म्हातारीनं झाडांना विष घातलं म्हणून लोक सांगणार. माझीच मुलगी सांगणार! कुणी शिकवलं तुला हे?

जावई : मी असं म्हणणार नव्हतो, आई.

सासूबाई : तुम्ही काहीच म्हणाला नसतात, जावईबापू. तेवढ्यानंच भागलं असतं.

लेक : अहो, उठलात कुठे?

जावई : साहेब गाडीपाशी आलेत.

लेक : बसा खाली. माझी शपथ आहे. अहो!

(जावई जातो. दार उघडंच राहतं.)

लेक : झालं मनासारखं?

सासूबाई : माझ्या मनासारखं व्हायचं तर सात शेंडे परत जागेवर बसवावे लागतील.

लेक : तुझ्यासाठी झाडं आधी. आम्ही नेहमी नंतर.

सासूबाई : तुझी शाळा, तुझं लग्न, सगळं याच झाडांनी केलं. मला शिकवू नकोस. काय दिसतंय? मला इथून धुरकट दिसतं.

लेक : साहेब हसतायत. हे हात वर करून काहीतरी दाखवतायत. कागद दिसतोय साहेबांच्या हातात. आले, आले हे. काय झालं हो?

जावई : शेंडे गेले, सातही झाडं मरणार म्हणून सांगितलं. त्यांना पटलं नाही. म्हणाले, झाडं तर समोर हिरवी उभी आहेत. सासूबाईंचं ऑपरेशन ताजं आहे, त्यांना अजून नीट दिसत नसेल.

सासूबाई : मला दिसत नाही?

जावई : म्हणाले, इतका सरळ माणूस मला बागेत हवाच. पत्र गाडीतच होतं. सोमवारची वाट कशाला बघायची म्हणून तिथंच पुढे केलं, पेनासकट.

लेक : बघ आई! उगाच जीव खाल्लास. कुठंय पत्र? द्या इकडे.

जावई : त्यांनाच परत दिलं.

लेक : परत दिलं? वेड लागलंय तुम्हाला?

सासूबाई : थांब ग. काय सांगून परत दिलंत?

जावई : म्हटलं, सातांतल्या एकाला जरी नवं पान आलं, तर सही करायला येतो.