पन्नीतले यजमान

माझा जन्म काशीतल्या दुर्गाघाटाचा. मूळ कोकणातलं म्हणतात, पण कोकण काही मी पाहिलेलं नाही, घरात मराठी आणि दाराबाहेर पाय टाकला की हिंदी, तेव्हा बोलण्यात सरमिसळ होणारच, ती तशीच लिहा. बाबा पौरोहित्य करतात. महाराष्ट्रातून लोक अस्थी घेऊन येतात ते आमच्याकडे उतरतात, त्यांचा वरणभात मी रांधते. ह्यावर आमचं घर चालतं आणि ह्यावरच माझं डोकं फिरलेलं आहे, काय सांगू तुम्हाला.

पूर ओसरला की पायऱ्यांवर गुडघाभर गाळ राहतो. तो काढायला आमची अख्खी गल्ली उतरते, बायका, म्हातारे, नाववाला लल्लन, सगळे. गाळ घमेल्यांनी उपसायचा आणि त्यातली पन्नी वेचायची. प्लॅस्टिकच्या पिशवीला इथे पन्नीच म्हणतात. गुटख्याची, दुधाची, हारांची, वेचतो आणि शिव्या देतो. गेल्या वर्षी माझ्या हाताला एक जड पन्नी लागली, तोंडाला करकचून गाठ. पुसली तर वर मराठीत छापलेलं, लग्नाच्या बस्त्याचं खात्रीचं दुकान. आत अस्थी. अहो, कुणाचा तरी बाप होता तो, नाहीतर आई, आगगाडीने एवढ्या लांब आणलेली, मंत्र म्हणून गंगेत सोडलेली, आणि गंगेचा थेंब लागला नव्हता तिला! मोक्ष कसला, गाळात पुरून ठेवलं होतं.

आपल्या लोकांचं असं, घरी गाठ मारली की गंगेपर्यंत सोडायची नाही, वाटेत खाली टेकवायची नाही, सगळं सोवळं कडक. आणि गंगा आली की डोळे मिटून पन्नीसकट भिरकावतात, आत बघायची हिंमत नसते. ह्याला श्रद्धा म्हणायचं?

मी तशीच चिखलाच्या पायांनी घरात गेले, पन्नी बाबांच्या पुढ्यात धरली, म्हटलं घ्या, तुमचे यजमान परत आले. बाबा आधी खेकसले, अगं बाहेर हो, मग वरची अक्षरं वाचली आणि तसेच उठले. लल्लनला हाक मारून मधल्या धारेला गेले, गाठ स्वतः सोडली. परत आले ते म्हणाले, यापुढे गाठ सुटल्याशिवाय मंत्र म्हणणार नाही. गल्लीतल्या गुरुजींना विचारलं, तुम्हीही असंच कराल का. काही हो म्हणाले. शेजारचे काका म्हणाले, तुझी लेक घाटावर स्वच्छतेची पत्रकं वाटते, तिला काय, यजमान दुखावला तर उठून दुसऱ्या दाराला जाईल. ते दुसरं दार त्यांचंच, हे नाही बोलले.

मग आलं नाशिकचं कुटुंब. नाव धारेत गेल्यावर बाबांनी सांगितलं, गाठ सोडा. मुलगा भडकला, गुरुजी, आम्ही दुःखात आहोत, तुमचं स्वच्छतेचं खूळ आमच्यावर नको, नाव वळवा, काशीत गुरुजी पुष्कळ आहेत. मी नावेतच होते. जुनं घराणं, आजोबांच्या वेळेपासूनचे यजमान. तरी म्हणाले, वळव रे लल्लन.

तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, थांबा. ह्यांना जन्मभर बंद खोलीत गुदमरायचं, थंडीतसुद्धा खिडकी उघडी लागायची. आण इकडे. गाठ सुटेना, तिने दातांनी सोडली. अस्थी ओतल्या, मुलगा ढसाढसा रडला, आणि बाई रिकामी पन्नी सवयीने पाण्यात टाकायला निघाली! लल्लनने हात पुढे केला, ए माई, पन्नी हमके दे दा. ती रडता रडता हसली.

पण म्हणून जिंकलो असं लिहू नका. बाबांचे बरेच यजमान काकांकडे गेले, माझं भाताचं पातेलं लहान झालं. बाबा फोनवर आधी बजावतात, सुती कापडात आणा, लोक हो हो म्हणतात, आणि कापड सोडलं की आत पन्नी. आज सकाळीच काकांच्या नावेतून धप्पकन आवाज आला. मी पायऱ्यांवरून ओरडले, लल्लन जाळं घेऊन धावला, काका मान वळवून मंत्र म्हणत राहिले. गंगामाई त्यांना सुबुद्धी देवो. आणि देईपर्यंत मी अशीच ओरडणार, गळा बसला तरी.