शेजारी देवमाणूस

सांगलीच्या रजिस्ट्रार कचेरीत हंबीरराव रांगेत उभे होते. पुढंच त्यांचा धाकटा भाऊ आकाराम, प्लॉटचं खरेदीखत करायला गिऱ्हाईक घेऊन आलेला. वाटणी झाल्यापासून आकारामनं थोरल्याकडं मान वळवून पाहिलं नव्हतं. आजही पाहिलं नाही.

"घर बांधायला लय झकास जागा, यल्लाप्पा."

"शेजारी कसा हाय?"

"देवमाणूस! बहात्तरच्या दुष्काळात आपल्या आडाचं पाणी सगळ्या गल्लीला दिलं त्यानं."

"भांडखोर न्हाई न्हवं?"

"आवं, गाय हाय गाय!"

"तुमची लय ओळख दिसतीया."

"सख्खा थोरला भाऊ हाय माझा."

"आन् मग त्याच्या शेजारची जागा इकताय कशापायी?"

आकारामला एकाएकी खोकला आला.

"सांग की रं," मागनं हंबीरराव म्हणाले, "मलाबी ऐकायचंय."