गुडघाभर मका

...पण गुडघा कोणाचा? सांगा ना! त्या खताच्या पत्रकात एवढं सारं छापलं, जमिनीत ओल पाहिजे, झाडापासून चार बोटं लांब टाका, पानावर पाणी असताना नको, मातीत बुजवा. 'पीक गुडघाभर झाल्यावर खताचा दुसरा हप्ता द्यावा' हेही छापलं, पण गुडघा कोणाचा ते नाही छापलं! आमच्या घरात यांचा गुडघा माझ्या मांडीले लागते, आणि सासूबाई चुलीपुढं बसल्या की गुडघा अन् हनुवटी एकाच उंचीले. आता कोणता धरू?

तुमाले सांगते, घरात वाचता येणारी मी एकटी. सातवी पास! म्हणून पत्रक माझ्याकडं. झालं काय, उन्हाळ्यात आमचा एक बैल लंगडला, मग वावर नांगरलंच नाही. ज्वारीची धसकटं तशीच उभी, त्यांच्यामधातच काडीनं भोकं पाडून मका टोबायचं ठरलं. ग्रामसेवक सायकलवरून आला, पाहून आधी कपाळाले हात लावला, मग म्हणे, "हरकत नाही बाई, पण न नांगरलेल्या जमिनीत ही धसकटं सडता-सडता खत आपणच खातात. थोडं खत टोबतानाच द्या, बाकीचं बरोबर वेळेवर. वेळ चुकली की मका पिवळा पडून बसलाच! यात नत्र आहे, गंधकही आहे..."

गंधक म्हटल्याबरोबर सासूबाई उठल्याच! "गंधक? फटाक्यातला? लेकराबाळाच्या घरात? न्या थे खताचं पोतं गोठ्यात!" पोतं गोठ्यात गेलं, आणि भडका झाला तर पळता येणार नाही म्हणून लंगडा बैल बाहेर आला.

हसू नका. माझा जीव टांगला होता त्या मक्यात. हे म्हणाले होते, "अर्धा एकर मका साधला, तर औंदा मी कापसाच्या जिनिंगवर जात नाही, घरीच राह्यतो." मागच्या साली वाशीमच्या जिनिंगमध्ये पाच महिने होते. म्हणजे माझा नवरा घरी राहणार का नाही, ते त्या पोत्यावर!

आणि टोबून आठ दिवस होत नाहीत तर मी बाळंत झाले. दुसरी मुलगी. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही. मका वावरात, पोतं गोठ्यात, पत्रक उशाखाली, अन् मी बाजेवर, बाजेखाली शेगडी! बसल्या जागी मक्याची उंची ओळखायची. कशी? तर विचारून.

यांना विचारलं, "कुठवर आला मका?"

"मस्त हाय."

"मस्त म्हणजे गुडघ्याएवढा?"

"तू कायले घोर करून राह्यली? मस्त हाय म्हटलं ना!"

लखीराम भाऊजी, म्हणजे माझा दीर, दाराबाहेरूनच ओरडायचा, "वैनी, झकास! गुडघ्याले लागून राह्यला!" लागून राह्यला म्हणजे? आज? का आठ दिवसांनी? आणि पुन्हा तेच... गुडघा कोणाचा?

सासूबाईंनी तर घरात कायदाच केला होता, "बाळंतिणीले वाईट सांगाचं नाही, दूध आटते." तो कायदा मले सोडून साऱ्यांना माहीत! मी आपली झाकलेल्या दिव्यासारखी आत. तीनदा म्हटलं, आजच टाका खत. तीनदा माझं मीच म्हटलं, नको, थांबा, गुडघाभर झाला नसला तर? छापलेलं आहे ना! न शिकलेली असती, तर पहिल्याच दिवशी टाकून मोकळी झाली असती.

सव्वा महिना झाला, विहीर पुजली, अन् कुंकवाच्या हातानं तशीच वावरात गेले. काय पाहू? मका पिवळाधम्मक, काडीसारखा... आणि त्याले तुरे! गुडघ्याखालीच तुरे! गोठ्यात पोतं तसंच, टोबताना थोडं काढून तोंड सुतळीनं बांधलं होतं तसं.

"अहो, काहून नाही टाकलं?"

"गुडघ्याले लागलाच नाही ना तो! तूच तं म्हणे, गुडघाभर झाल्याबिगर टाकू नका."

ऐकलं? खत नाही म्हणून वाढला नाही, वाढला नाही म्हणून खत नाही! आणि दोन्हीकडून पत्रक बरोबर! गुडघा कोणाचा, हे विचारायचं कामच उरलं नाही, मका कोणाच्याच गुडघ्याले लागला नाही. तरी त्याच दिवशी आम्ही दोघांनी सारं खत टाकलं. तुरा आल्यावर काय होते? मका पिवळा तो पिवळाच, गवत तेवढं हिरवंगार!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे जिनिंगवर गेले. होळीले येतो म्हणाले.

परवा ग्रामसेवक पाहणीले आला. सायकल टेकवते न टेकवते, तर आमची थोरली, अडीच वर्षांची, धावत गेली, त्याच्या पायाले मिठी मारली आणि, "बाबा! बाबा!" बिचारा कानापर्यंत लाल झाला. "अहो बाई, सांगा ना हिला... मी नाही!"

म्हटलं, राहू द्या साहेब, होळीपर्यंत म्हणू द्या. बसा, चहा टाकते.