कुठल्या बाजूला उभं राहायचं

नाही नाही, तुम्ही बाहेर येऊ नका मिस्त्रीकाका, काम चालू द्या — मला तोंडाकडे बघून नीट बोलता येत नाही, गाडीखालून तुमचे नुसते पाय दिसतायत तेच बरंय. बाबांनीच पाठवलंय. म्हणाले, शाळेतून येताना डोकावून ये, मागचा ॲक्सल बसला का बघ, मग मी गाडी न्यायला येतो, उद्या तुला सुट्टी आहे, माल पोचवायचाय. आता मी जरा लवकर आलेय, शेवटचा तास बुडवून, ते त्यांना सांगू नका. म्हणजे विचारलं तर सांगा. नाही विचारणार ते.

बसला ना? हो, दिसतोय. केवढा जाड आहे. जुना तिकडे भिंतीला टेकवलाय तो याच्यापुढे अगदी काडीपैलवान वाटतो. बाबा घरी आईला समजावत होते, ताटात लाटणं आडवं ठेवून — जुन्यात मालाचं सगळं वजन आतल्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, शाफ्ट मोडला की चाकही जायचं. नव्यात वजन बाहेरच्या जाड नळीवर, शाफ्टने फक्त चाक फिरवायचं. आईने विचारलं, म्हणजे हा मोडणार नाही? बाबा म्हणाले, ह्याचा बाप आला तरी मोडणार नाही. आई हसली आणि म्हणाली, आधी माझं लाटणं उचला. आईला हसायला काय झालं, तिला वाटतं मी पुढे बसते.

बसते ना. पुढेच बसते. सपाट रस्त्याला. मग डोंगराखाली गाडी आली की — ते वर मोठं विश्रामगृह बांधतायत ना, त्यांचं सिमेंट आणि लोखंड बाबाच पोचवतात — तो शेवटचा मुरमाचा चढ लागला की बाबा गाडी थांबवतात आणि म्हणतात, उतर गं हँडब्रेक. मला म्हणतात तसं. खरा हँडब्रेक माल भरला की धरत नाही, तुम्हीच दोनदा करून दिलाय, तुम्हाला मी काय सांगू. वरचे गवंडीसुद्धा मला हँडब्रेकच म्हणतात. तर मी उतरते, लाकडी ठोकळा घेते आणि गाडीच्या मागे चालत जाते. गाडी अडली की चाकामागे ठोकळा सरकवायचा आणि बाजूला व्हायचं. एवढंच. अवघड काही नाही. आधी दादा करायचा, तो परगावी नोकरीला लागला, मग सुट्टीच्या दिवशी मी. बाबांनी हातमोजे आणलेत मला, माझ्या मापाचे शोधून, तीन दुकानं फिरले. वाईट नाहीत हो बाबा. तुम्हाला तसं वाटत असेल तर तसं नाही. वर पोचलो की पहिल्यांदा मला पाणी देतात, मग स्वतः पितात.

आणि मला आवडायचंही आधी. खरंच. मला कुणी कशात विचारत नाही — वर्गात मी हात वर केला तरी बाईंना दिसत नाही — आणि इथे एवढी मोठी गाडी माझ्याकडे बघून थांबते. म्हणजे तसं वाटायचं.

शाफ्ट मोडला त्या दिवसापर्यंत.

बाबांनी तुम्हाला काय सांगितलं? काड्कन आवाज आला आणि गाडी अडली, असंच ना? अडली नाही ती. मागे आली. बाबा ब्रेकवर उभे होते, मला आरशात त्यांचं तोंड दिसत होतं, पण मुरमावर चाकं थांबूनही गाडी घसरतच होती — मी ठोकळा टाकला तर तो गाडीने पुढे ढकलत आणला, म्हणजे माझ्याकडे, आणि मी मागे मागे — मागे वळणावर एका बाजूला दरड आणि एका बाजूला कडा आहे हे मला माहीत होतं पण मान वळवता येईना. मग एक चाक कलंडलं आणि मागचा कोपरा दरडीत रुतला. तो जिथे रुतला ना, तिथे मी होते आधी. पोतं फुटून सगळं सिमेंट माझ्या अंगावर. बाबा धावत आले, मला झटकलं, खूप झटकलं, आणि म्हणाले, आईला सांगू नकोस, उगाच घाबरेल. मग म्हणाले, आता मागचा ॲक्सलच बदलून टाकू, एकदाची कटकट नको. माझ्यासाठीच बदलतायत हो ते. तेच तर झालंय. माझ्यासाठीच एवढं करतायत, मग मी कुठल्या तोंडाने सांगू?

तुम्ही हातोडी का थांबवलीत? मारा ना. आवाज असला की बरं वाटतं.

मी विचारायला आले ते वेगळंच आहे. ह्या नव्यात ते लॉक टाकलंय ना — दोन्ही चाकं एकत्र फिरतात, एक घसरलं तरी दुसरं ओढतं? बाबा रोज तेच सांगतात, आता गाडी अडणार नाही म्हणून. पण काका, जुनी गाडी अडायची ना, तेव्हा आधी एक चाक जागच्या जागी गरगरायचं. खडी उडायची माझ्या पायावर. ती उडाली की मला कळायचं, आता ठोकळा तयार ठेवायचा. आणि दुसरं चाक तोवर नुसतं धरून असायचं, त्यामुळे गाडी सरळ राहायची, आडवी व्हायची नाही. मी बघितलंय, मागून सगळं दिसतं. आता दोन्ही एकदम ओढणार — मग सुटली तर दोन्ही एकदमच सुटणार ना? आणि मग ती सरळ खाली येईल का बाजूला? कुठल्या बाजूला? कड्याच्या का दरडीच्या? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, म्हणजे मी त्या बाजूला उभी राहणार नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, वेडाबाई, आता सुटायचीच नाही ती. आणि त्याच दमात म्हणाले, आता दीडपट माल चढवता येईल.

तुम्हालाही नाही ठाऊक? मग जाऊ दे. मग एक करा. तुम्ही बाबांना फक्त एवढं म्हणा, की ह्या ॲक्सलला गाडीच्या मागे कुणी चालायचं नसतं. नियमच आहे म्हणा. तुमचं ऐकतात ते, मिस्त्री बोलला म्हणजे संपलं असं म्हणतात. माझं नाव घेऊ नका, मी घाबरते असं अजिबात म्हणू नका — ते वरच्या सगळ्यांना सांगतात, पोरगी माझी वाघीण आहे म्हणून. एकच वाक्य आहे. म्हणाल ना? पाय हलवू नका नुसते, हो म्हणा.

आले वाटतं. त्यांच्या चपलांचा आवाज आहे. काका, विसरू नका हं.

झालंय बाबा, बसलाय. हो, मस्त जाड आहे. नाही, आत्ताच आले. मिस्त्रीकाका तुम्हाला काहीतरी सांगणार आहेत.

सांगा ना काका.

काका. पाना राहू द्या तिथेच, मी देते नंतर. तुम्ही सांगत होतात ना, गाडीच्या मागे —

नाही बाबा, त्यांनी नाही सांगितलं काही. मीच बोलत होते इतका वेळ. मीच म्हणतेय. हसू नका ना बाबा, ऐका, मी उद्या गाडीच्या मागे —